मेंढ्या विकू की गाई? आधी फाटक केव्हा उघडता ते सांगा

प्रश्न : आमची काटोल तालुक्यात २२ एकर जमीन आहे. ८ एकरांत संत्रा. बाकी १४ एकर मुरमाड बरड आहे, त्यात पीक येत नाही म्हणून ते चराईला सोडलंय. घरी ४ गवळाऊ गाई, २ बैल आणि २ कालवडी आहेत. तीन वर्षांआधी मी बचत गटाचं कर्ज काढून मेंढ्या घेतल्या, आता लहानमोठ्या धरून ४० आहेत. पहिल्या वर्षी गवत गुडघ्याएवढं होतं. आता जिकडेतिकडे कुसळ आणि तरोटा, मधे मधे टक्कल. मागच्या श्रावणात कोकरं हगवणीनं गेली, काहींच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत होती. उन्हाळ्यात दोन चांगल्या धडधाकट मेंढ्या डोळे पिवळे होऊन दोन दिवसांत मेल्या. लघवी काळपट लाल होती. मामंजी म्हणतात, मेंढीचं तोंड लागलं तिथं गवत उगवत नाही, विकून टाक. मला वाटतं गाई कमी कराव्या, दूध तर घरापुरतंच निघतं. एक जण नेपिअर गवताचे ठोंब लावा म्हणून मागे लागलाय. काय करू?
— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे रोग आहेत आणि तिन्हींचं खापर मेंढ्यांवर फुटतंय. गवत गेलं ते एका कारणानं, कोकरं गेली ती दुसऱ्या, आणि त्या दोन मेंढ्या मेल्या त्या बहुधा तिसऱ्याच. शेवटचं सगळ्यात घाईचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

धडधाकट मेंढी, डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन दिवसांत खेळ खलास. तुम्ही लिहिलं नाही, पण मला खात्रीनं वाटतं की उन्हाळ्यात बरडावर काही नसतं तेव्हा तुमच्या मेंढ्या संत्र्याच्या बागेत चरतात. खाली ओलावा असतो, हराळी हिरवी असते, तणनाशकाचा खर्चही वाचतो. आपल्याकडे बरेच जण असं करतात. पण त्याच बागेत डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी, खोडाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो लावलेलं असतं, वरून कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी झालेली असते. बोर्डोतलं मोरचूद म्हणजे तांबंच. गाय, बैल एवढं तांबं पचवतात. मेंढीला ते जमत नाही. ते तिच्या काळजात (यकृतात) महिनोन् महिने साठत जातं आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही, उलट मेंढी चांगली तुकतुकीत असते. मग एखाद्या दिवशी कडक ऊन, लांबची चाल किंवा उपासमार असा काही ताण आला की साठलेलं सगळं एकदम रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मेंढी जाते.

दुसरी वाट खनिज मिश्रणाची. गाईसाठी आणलेली पिशवी घरात असतेच, तीच चिमूटभर मेंढ्यांनाही घातली जाते. गाईच्या मिश्रणात तांबं मुद्दाम घातलेलं असतं. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिळतं, ते आणा. आणि मेंढ्या जीभ लावतील अशा जागी गाईची चाटण-वीट टांगू नका.

अर्थात अशीच लघवी गोचीडतापातही होते, आणि आणखीही एक-दोन आजारांत. मी इथं बसून निदान करणार नाही. पुन्हा अशी मेंढी मेली तर पुरायची घाई करू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, शवविच्छेदन करून काळीज आणि मूत्रपिंडाचा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. सेमिनरी हिल्सचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, दवाखान्यातल्या डॉक्टरांना तिथं नमुना पाठवता येईल का ते विचारा. तोपर्यंत मेंढ्या बागेत सोडणं बंद. बागेतलं गवत कापून गाईंना घालायला हरकत नाही, फक्त कीटकनाशक मारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या.

आता गवत.

मामंजींचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर ढोरं राखली त्यांच्या अर्ध्या खऱ्यालाही किंमत असते. एकदा बरडावर उकिडवं बसून दोन्ही जनावरं चरताना जवळून बघा. गाय जीभ बाहेर काढते, गवताचा झुपका जिभेनं वेढते आणि हिसका देऊन तोडते. जीभ फिरवायला जागा लागते, म्हणून गवत चार बोटांपेक्षा बुटकं झालं की तिला ते तोंडात धरताच येत नाही. मेंढीचं तसं नाही. तिचा वरचा ओठ मधून चिरलेला असतो, दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, त्या ओठांनी ती एकेक कोवळं पान निवडते आणि खालच्या दातांनी पार जमिनीलगत कातरते. म्हणजे गाय जिथं हार मानते, तिथून मेंढीचं काम सुरू होतं. दोघांना एकाच जागी बारा महिने सोडलं, तर आधी गाय उपाशी राहते आणि मग गवत मरतं.

पण ते मरतं कसं, हे कळलं तर सगळा उपाय त्यातच आहे. शेडा, पवन्या, मारवेल ही आपल्या बरडावरची खरी गवतं. ती वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटतात. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, जीव बुडख्यात आणि मुळात राहतो. मृगाचा पाऊस पडला की त्या साठ्यावर पहिला कोंब निघतो. पाच-सात पानं झाली, उन्हात तयार झालेलं अन्न खाली उतरायला लागलं, की गवत आपल्या पायावर उभं राहतं. हा कोंब बोटभर असतानाच खाल्ला तर ठोंब उरलेल्या साठ्यातून दुसरा काढतो. दुसराही खाल्ला तर तिसरा निघतो तो केविलवाणा. सलग दोन-तीन पावसाळे असं झालं की ठोंब संपला. मग ती जागा रिकामी थोडीच राहते? ढोरं ज्याला तोंड लावत नाहीत ते तिथं येतं. तरोटा येतो, गाजर गवत येतं, कुसळ फोफावतं. (तरोट्याची कोवळी भाजी आपण चवीनं खातो, पण १४ एकराची भाजी कोण खाणार?)

तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं. मृगात सगळ्यांची वावरं पेरणीत असतात, ढोरं न्यायला दुसरी जागा नसते, कोठ्यातलं कुटार (मळणीनंतरचा भुसा) उन्हाळ्यात संपलेलं असतं, आणि बरडावर हिरवी झाक दिसली की आपण फाटक उघडतो. जनावरं दिवसभर फिरतात, पोट भरत नाही, पातळ शेण टाकतात, आणि वर्षभराच्या गवताचं बी आपण त्या तीन-चार आठवड्यांत मोडून ठेवतो. मेंढ्या विकल्या आणि फाटक असंच उघडत राहिलात, तर हेच काम गाई करतील, थोड्या उशिरानं.

म्हणून माझं सांगणं एवढंच : पहिल्या पावसापासून पुष्य नक्षत्रापर्यंत, म्हणजे साधारण २० जुलैपर्यंत, बरडावर एकही जनावर सोडायचं नाही. पाऊस लांबला तर तारीखही लांबवायची. तारखेपेक्षा गवताची उंची बघा. ते वीतभर झालं, ठोंब हातानं ओढला आणि उपटून न येता पान तुटलं, म्हणजे मुळं धरली.

हे सांगायला सोपं आहे. ते चाळीस दिवस ढोरं खातील काय? इथंच सगळे योजना सोडून देतात, म्हणून हिशोब मांडतो.

मोठी गवळाऊ गाय किंवा बैल रोज साधारण ८ किलो सुका चारा खातो. दोन कालवडी मिळून ८ किलो. मेंढी १ किलो. तुमची ६ मोठी ढोरं, २ कालवडी आणि ४० मेंढ्या मिळून रोज जवळपास १ क्विंटल. वर्षाचे ३६५ क्विंटल. आता तुमचं बरड आजच्या अवस्थेत एकरी ४-५ क्विंटल सुकं गवत देत असेल, म्हणजे १४ एकरांतून सगळं मिळून ७० क्विंटलच्या आत. त्यातलं अर्धं जमिनीवर ठेवलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तेही नाही. हाती उरलं ३५ क्विंटल. म्हणजे ३५ दिवस. बाकीचे ३३० दिवस तुमची जनावरं आजही कुटार, कडबा, धुरे (बांध) आणि लोकांच्या वावरांवरच जगताहेत, फक्त ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. बरड नीट सुधारलं, एकरी १० क्विंटलच्या वर गेलं, तर हे ३५ दिवस ७० होतील, ७५ होतील. २० जुलैपासून ७५ दिवस म्हणजे थेट हस्त नक्षत्र, ऑक्टोबरची सुरुवात. बरडाकडून एवढीच अपेक्षा ठेवा आणि ती पुरेशी आहे.

राहिला मृग-आर्द्रा-पुनर्वसूचा खड्डा. रोजचा एक क्विंटल धरला तर ४० क्विंटल चारा लागेल. आत्ता एप्रिल आहे. हरभऱ्याचं कुटार खळ्यावरून हलतंय, गव्हाचं तर लोक धुऱ्यावर पेटवून देतात. ते आत्ता भरा आणि त्याला वेगळी जागा द्या, ताडपत्रीखाली, जमिनीपासून वर. मे महिन्यात त्याला हात लावायचा नाही. घरात भांडण होईल ते इथंच होईल, कारण मे महिन्यात ढोरं हंबरत असताना समोरचा ढीग राखून ठेवायला छाती लागते. मेमध्ये मेंढ्यांना बाभळीच्या शेंगा, बोराटीचा पाला आणि लोकांच्या रिकाम्या वावरांवर भागवा. सुबाभळीचा पालाही चालतो, पण एकूण खाण्याच्या एकतृतीयांशाहून कमी. जास्त झाला तर मेंढीची लोकर झडते.

हरभरा, तूर, सोयाबीन यांचं कुटार आहे तसंच चांगलं. गव्हाचं कुटार किंवा धानाची तणस मात्र युरिया प्रक्रिया करून घातली तर ढोरं आवडीनं खातात आणि अंगालाही लागते. १०० किलो वैरणीला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थर देत शिंपडायचा, तुडवून हवा काढायची, प्लास्टिकनं घट्ट झाकायचं आणि २१ दिवस उघडायचं नाही. रोज लागेल तेवढीच काढा, तासभर पसरून वास उडू द्या, मग घाला. सुरुवात थोडक्यानं करा. वासरं-कोकरं लहान असतील तोवर त्यांना नाही. आणि उरलेली युरियाची गोणी किंवा त्याचं पाणी जनावराच्या तोंडापाशी ठेवू नका, त्यानं जनावर तासाभरात मरतं.

कोठ्याजवळचं एक-दोन एकराचं कुंपण वेगळं करा आणि त्या तुकड्यावर पाणी सोडा, म्हणजे त्याची आशा सोडा. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात ढोरं तिथंच उभी राहतील, तिथंच खातील, चिखल करतील. ते बारा एकर वाचवायचं भाडं समजा.

उरलेल्या १२ एकरांचे चार तुकडे पाडायचे. प्रत्येकी तीन एकर, चौकोनी नसले तरी चालेल, पण पाण्याला जायची वाट चारही तुकड्यांतून असावी. दरवर्षी एक तुकडा पावसाळाभर पूर्ण बंद. त्यातलं गवत फुलेल, बी पडेल, मग कापा. दुसऱ्या वर्षी दुसरा तुकडा. चार वर्षांत सगळ्या बरडाला एकेकदा बी मिळतं. बाकी तिन्हींत ढोरं फिरवायची, पण एकत्र नाही. आधी गाई-बैल. गवत वीतभर असताना त्यांना सोडा, पाच-सात दिवसांत वरचा शेंडा खाऊन झाला की पुढच्या तुकड्यात न्या. मग मागून त्याच तुकड्यात मेंढ्या, जास्तीत जास्त चार दिवस. गाईनं टाकलेलं, शेणाच्या पोपड्याभोवतीचं, तिला न धरता आलेलं कोवळं पान, हे सगळं मेंढी खाते. पण चार बोटं उंची राहिली की मेंढ्या बाहेर. तुकडा चरून संपला म्हणून नव्हे, चार बोटं उरली म्हणून बाहेर. मग त्या तुकड्याला महिना-सव्वा महिना कोणी हात लावायचा नाही. पुढचा तुकडा अजून तयार नसेल तर मधले दिवस कोठ्याजवळच्या तुकड्यात आणून वैरण घाला. गवतावर ताण देऊ नका.

कुंपणाचं म्हणाल तर रोही आणि रानडुकरांसाठी तुमच्या संत्र्याला झटका मशीन असेलच. त्याची दोन तारांची ओळ गाईंना पुरते. मेंढीला पुरत नाही. तिच्या अंगावर लोकर असते, झटका लागतच नाही, ती सरळ घुसते. मेंढ्यांना राखणारा माणूस हवा, किंवा वाघर (जाळ्याचं कुंपण) लावा. धनगर, कुरमार मंडळी वाघर कशी ठोकतात ते एकदा बघून घ्या. खरं तर मामंजींना एक गोष्ट विचारा : त्यांच्या लहानपणी शेकडो मेंढ्यांचे कळप याच बरडांवरून जात होते, तरी गवत कसं राहिलं? मेंढका एका जागी फार थांबतच नव्हता. आजही कच्छ-राजस्थानकडचे कळप आपल्याकडून जातात ते बघा, मुक्काम हलत असतो. मेंढी तीच आहे. ती एका फाटकाच्या आत बारा महिने राहायला लागली, हे नवीन आहे.

कोकरांची हगवण आणि जबड्याखालची थैली हा जंतांचा प्रकार. पावसाळ्यात मेंढीच्या पोटात रक्त पिणारे गोल जंत होतात, एकेक मादी रोज हजारो अंडी घालते, ती लेंडीतून गवतावर पडतात आणि ओल्या उबेत आठवडाभरात त्यांच्या अळ्या पानावर चढून बसतात. रक्त कमी झालं की जबड्याखाली पाणी उतरतं. मेंढ्या एका तुकड्यात चारच दिवस ठेवा असं वर म्हटलं ते यासाठीच. अळ्या तयार व्हायच्या आत कळप पुढे गेलेला असतो. आणि गाई-मेंढ्या दोन्ही ठेवण्याचा खरा फायदाही इथंच आहे. मेंढीचे हे जंत गाईच्या पोटात सहसा तग धरत नाहीत, गाईचे मेंढीच्या. मेंढीनं सोडलेल्या अळ्या पुढच्या फेरीत गाय गवताबरोबर गिळते आणि त्या तिथंच मरतात. गाय म्हणजे मेंढीच्या कुरणाचा झाडू झाला. गाई विकून नुसत्या मेंढ्या ठेवल्या तर हा झाडू जातो, आणि औषधाचा खर्च वाढतो. तुमच्या प्रश्नाला माझं अर्धं उत्तर हेच.

एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. यकृतातले चपटे कृमी, ज्यांना आपण पर्णकृमी म्हणतो, ते गाय आणि मेंढी दोघांनाही होतात. ते पाण्यातल्या गोगलगाईतून येतात. नाल्याकाठची, बोडीजवळची सतत ओली जागा असेल तर तिथं काटे टाकून बंद करा आणि पाणी हौदात पाजा. जबड्याखालची थैली यानंही येते, म्हणून औषध देण्याआधी लेंडी तपासून घ्या. गोल जंतांचं औषध पर्णकृमीला लागू पडेलच असं नाही.

औषध सगळ्यांना एकाच मापानं पाजू नका. वजनाप्रमाणे द्या, कमी मात्रेनं जंत मरत नाहीत, उलट चिवट होतात. मेंढीची खालची पापणी ओढून बघायची सवय लावा : आतून लालबुंद असेल तर तिला औषधाची गरज नाही, फिकट गुलाबी दिसली तर लक्ष ठेवा, पांढरी पडली तर त्याच दिवशी. श्रावण-भाद्रपदात हे दर पंधरवड्याला बघा. आंत्रविषाराची लस मेंढ्यांना आणि घटसर्प-फऱ्याची गाईंना पावसाआधी टोचून घ्या, त्याबद्दल दवाखान्यात विचारलं तर पुरे.

कुसळाबद्दल. कोवळं असताना कुसळ वाईट नाही, गाई ते खातात. वाईट ते टोचायला लागल्यावर. मेंढीच्या लोकरीत ते अडकतं, पिळ घेत घेत कातडीत शिरतं, तोंडात जखमा करतं, कोकरांच्या डोळ्यांत जातं. म्हणून जुलैअखेर-ऑगस्टमध्ये कुसळाच्या तुकड्यात गाई जरा जास्त दिवस ठेवा. जिथं उरेल तिथं सप्टेंबरच्या मध्यावर, कणीस बाहेर पडताना पण कुसळ कडक व्हायच्या आत, कापून टाका. मेंढ्यांची लोकर हस्ताआधी कातरा. तिला आज भाव नाही हे मान्य, पण कातरलेल्या मेंढीला कुसळ कमी धरतं. आणि ऑक्टोबरपासून त्या तुकड्यात मेंढ्या नेऊच नका.

बियासाठी बंद ठेवलेला तुकडा सोडून बाकीचं गवत कापायची वेळ आपल्याकडे हमखास चुकते. लोक दिवाळीनंतर, कापूस वेचणीतून माणसं मोकळी झाली की कापतात. तोवर गवत पिवळं पडून नुसती काडी झालेली असते, ढोराचं पोट भरतं, अंगी लागत नाही. फुलोऱ्यात कापलेल्या गवतातली प्रथिनं त्याच्या कितीतरी जास्त असतात. अडचण पावसाची. सप्टेंबरअखेर कापलं तर एखादा दिवस भिजतं. तरी मी म्हणेन, कापाच. आकाश बघून एका वेळी थोडं थोडं कापा, उलटंपालटं करा, दोन-तीन दिवसांत वाळलं की गंजी घाला. थोडं भिजलेलं फुलोऱ्यातलं गवत कोरड्या पिवळ्या काडीपेक्षा बरं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बरडाला काडी लावू नका, कोणी लावली तर विझवा. जाळल्यानं नवं गवत फुटतं असं म्हणतात. फुटतं, पण बहुतेक कुसळच, कारण त्याचं बी स्वतःला पिळत मातीत घुसून आगीतून वाचतं.

नेपिअरवाल्याला चहा पाजून परत पाठवा. नेपिअरला खोल जमीन आणि बारमाही पाणी लागतं, मुरमाड बरडावर ते मार्चमध्येच वाळेल. विहिरीजवळ ५-१० गुंठे काळी जमीन असेल तर तेवढ्यात लावा, गाभण गाईला कामी येईल. बरडावरच्या टकलांसाठी मारवेलचे ठोंब लावा, दीड फुटांच्या ओळीत एकेक फुटावर, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. सोबत स्टायलो फेका, एकरी २-२.५ किलो बी. ते शेंगावर्गीय आहे, मुरमाडावर टिकतं. त्याच्या बियाचं कवच टणक असतं, म्हणून उकळत नाही पण हात घालवत नाही अशा गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून काढा, सुकवा, मग फेका. शेड्या-पवन्याचं बी विकत शोधण्यापेक्षा आजूबाजूच्या एखाद्या राखलेल्या कुंपणातून, रेल्वेच्या बाजूच्या पट्टीतून नोव्हेंबरात ओंब्या गोळा करा. शेण-मातीत त्याच्या गोळ्या वळून मेअखेर टाका, मुंग्यांपासून बी वाचतं. मारवेलचे ठोंब आणि स्टायलोच्या बियांसाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा. लावलेल्या जागी पहिलं वर्षभर कोणतंच जनावर नको. चार तुकड्यांतला बंद तुकडा हाच लावणीचा तुकडा ठेवला की वेगळी राखण करावी लागत नाही. तरोटा फुलायच्या आत, ऑगस्टमध्ये, पाऊस पडून जमीन मऊ असताना उपटा. शेंगा धरल्यावर उपटलात तर बी तुम्हीच पेरलंत.

आता विकायचं काय ते सांगतो. मेंढ्या आणि गाई दोन्ही ठेवा, पण दोन्ही कमी करा. चाळीसांतले नर किती आहेत ते लिहिलं नाहीत. एक चांगला मेंढा ठेवून बाकीचे सगळे बकरी ईदच्या आधीच्या बाजारात काढा, तेव्हा भाव तुमच्या बाजूनं असतो. दात पडलेल्या आणि दोन पावसाळ्यांत कोकरू न दिलेल्या मेंढ्याही काढा. २५ मेंढ्यांवर आलात तर मृगाचा चारा रोज १५ किलोनं कमी लागेल, म्हणजे चाळीस दिवसांत ६ क्विंटल वाचले. गाईंमध्ये जी तीन वर्षांत एकदाच व्याली तिला ठेवून उपयोग नाही. पण दोन गवळाऊ गाई तरी ठेवाच. ही आपल्या नागपूर-वर्ध्याकडची जात, अंगानं हलकी, पायानं चपळ, बरडावर जगणारी. तिच्या जागी जर्सी आणाल तर तिला हे बरड पुरणार नाही, ढेपेचा खर्च सुरू होईल. कालवडींसाठी चांगला वळू हवा असेल तर वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास केंद्र आहे, चौकशी करा.

कर्जाचा हप्ता मेंढ्यांवर आहे हे मी विसरलेलो नाही. डिसेंबर ते मे हा काळ मेंढ्यांच्या कमाईचा करता येतो. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत मेंढ्या चारल्या तर बोंडअळी लपलेली बोंडं संपतात, कृषी खातंही ते करायला सांगतं. तुमच्या आसपास कापूसवाले असतील, त्यांच्याशी बोलून ठेवा, फक्त शेवटची फवारणी केव्हा झाली ते विचारून घ्या. रात्री मेंढ्या वावरात बसवल्या तर लेंडीखताचे पैसे किंवा धान्य मिळतं. तेवढे महिने तुमचं बरड मोकळं राहतं आणि कुटारही वाचतं.

मामंजींना हे सगळं एकदम सांगू नका. एकच तुकडा, तीन एकर, या वर्षी त्यांच्या ताब्यात द्या आणि म्हणा, २० जुलैपर्यंत इथं मेंढी काय, शेळीसुद्धा येणार नाही, राखण तुमची. पोळ्याला बैल धुऊन झाले की दोघं तिथं फिरून या आणि शेडा कुठं दिसतो ते बघा. जमिनीत ठोंब शिल्लक असेल तर पहिल्याच पावसाळ्यात डोकं वर काढतो. नसेल तर तो तुकडा पुढच्या वर्षी मारवेलला घ्या. आणि काळजाच्या तुकड्याचा अहवाल कधी आला तर तो मला आधी पाठवा. तांबं निघालं, तर उरलेल्या मेंढ्यांच्या अंगातही ते साठलेलं असणार, आणि त्यावर काय द्यायचं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं लागेल.